नाव कोरलेले डबे

सुरुवातीलाच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही गावच्या, ओढा भरला की बंद पडणाऱ्या शाळेत. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे तेव्हाही कळत नव्हतं. वाचणाऱ्याने माफ करावं. तसं वाचणारं कुणी नाही. नातीने तिची अर्धी कोरी राहिलेली भूगोलाची वही मला दिली आणि आपण वाचणार नाही असं कबूल केलं. ते ती पाळणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण ही गोष्ट माझ्या तोंडून नीट निघत नाही. चार माणसं समोर बसली की माझा आवाज घशातच राहतो.

आमची चाळ लालबागला. मागच्या अंगाला पूर्वी गिरणीचं गोदाम होतं, तिथे आता संक्रमण शिबिर आहे. आम्ही त्याला कॅम्प म्हणतो. बरेच दिवस तिथे नुसती कबुतरं राहत होती. मग एका सकाळी टेम्पो येऊन लागले. वडाळ्याला मिठागराच्या कडेला एक वस्ती होती, ती नव्या रस्त्यात गेली. त्यांना पक्की घरं मिळणार होती, पण ती बांधून व्हायची होती. तोवर त्यांनी इथे राहायचं, असं ठरलं होतं.

मी गॅलरीतून पाहत होते. पिंपं उतरली, शिलाई मशीन उतरलं, पत्र्याच्या ट्रंका उतरल्या. गॅसचं सिलेंडर मात्र दिसेना. गॅस तिकडच्या एजन्सीचा, तो इकडे बदलून यायला कागद हवे होते. रेशन इथल्या दुकानात मिळेल असं त्यांना सांगितलं होतं, पण मशीनवर निम्म्या लोकांचा अंगठाच उमटेना. बायका अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत धुणीभांडी करायच्या. लालबागहून ते काही परदेश नाही. पण सकाळची कामं एकात एक बांधलेली असतात, त्यात बसचा तासभर घुसला की एकेक घर सुटत जातं. त्यांचीही तशीच सुटत गेली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की दुपार झाली तरी कुणाच्या घरातून फोडणीचा वास येत नाही.

माझ्या सासूबाई आमच्या याच खोलीत गिरणीकामगारांची खानावळ चालवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा गिरण्या बंद पडत चालल्या होत्या आणि पैसे देणारी माणसं कमी, जेवणारी तेवढीच होती. सासूबाई मला म्हणायच्या, आलेल्या माणसाला काय करतोस ते विचार, पण जेवल्यावर विचार. त्यांचे मोठे टोप अजून पोटमाळ्यावर होते. मी ते काढावेत का, असा विचार करत उभी होते, तेवढ्यात शेजारच्या काकी आल्या.

या काकींबद्दल सांगायला हवं. त्या मालवणकडच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, आणि चाळीतल्या बायकांच्या बचत गटाच्या खजिनदार. त्यांच्या जिभेला सगळी चाळ घाबरते आणि अडचणीत सगळी चाळ त्यांच्याच दारात जाते. त्या म्हणाल्या, "उभी काय गो राहिलीस? टोप काढ."

तेव्हापासून आम्ही पाळी लावली. आज या मजल्याने, उद्या त्या मजल्याने, प्रत्येक घरातून कॅम्पातल्या एका घरी एक डबा. भात, आमटी, असेल तर सुकटीची चटणी. माझा डबा ज्या घरी जायचा तिथली बाई सोलापूरकडची होती. नवरा ट्रक टर्मिनसला हमाली करायचा, दोन मुली शाळेत. ती डबा दोन्ही हातांनी घ्यायची आणि मान खाली घालायची. मीही लाजरी, तीही लाजरी. आमच्यात बोलणं असं काही होतच नव्हतं.

पंधरवडा उलटला आणि चाळीत कुरबुर सुरू झाली. पहिली पाण्यावरून. कॅम्पाचा आणि आमचा नळ एकाच लाइनवर, त्यामुळे वरच्या मजल्यावर पाणी चढेनासं झालं. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा म्हणाले, आता आंघोळसुद्धा रेशनकार्डावर करायची. लोक हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. दुसरी कुरबुर डब्यांची. आम्ही पाठवलेले डबे परत येत नव्हते.

डबा म्हणजे नुसता डबा नसतो. आमच्याकडे लग्नात, बारशाला, पूजेला जे भांडं देतात त्यावर दुकानातच मशीनने नाव कोरून घेतात. माझ्या डब्यावर सासऱ्यांचं नाव आहे. कुणाच्या डब्यावर नवऱ्याचं, कुणाच्या डब्यावर गेलेल्या भावाचं. दर खेपेला आम्ही दुसरा डबा पाठवत राहिलो आणि घरातली मांडणी रिकामी होत गेली. मग एकदा सकाळी नळावर, कॅम्पातल्या बायका हंडे घेऊन उभ्या असताना, काकी मोठ्याने बोलून गेल्या, "जेवण गेलं ते पोटात गेलं. डबे काय पचतात?"

माझी सोलापूरची बाई अर्धा हंडा भरून निघून गेली. पुढच्या पाळीला ती डबा घ्यायला दारात आली नाही, मुलीला पाठवलं.

मला झोप लागेना असं काही लिहिणार नाही, झोप लागली. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच आला. नाव घातलेली भांडी कोण चोरतं? ती विकायला गेलं तर मोडीवालासुद्धा दोनदा विचारतो. मी कधी कुणाच्या दारात भांडं मागायला गेले नव्हते. त्या दिवशी गेले.

तिची खोली म्हणजे पत्र्याचं पार्टिशन. कोपऱ्यात फळीवर स्वच्छ फडकं पसरलेलं आणि त्यावर माझे आणि बाकीच्या मजल्यांचे सगळे डबे पालथे घातलेले, घासून लखलखीत. झाकणं वेगळी, नावं एका बाजूला करून मांडलेली. मी तिकडे पाहिलं, हे तिने पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की मलाच पळून जावंसं वाटलं.

ती म्हणाली, "रिकामा कसा द्यायचा ओ मावशी? आमच्यात देत नाहीत तसं. साखर टाकावी म्हटलं तर ती चहालाच पुरत नाही. काहीतरी आलं हातात की देऊ म्हणून ठेवलेत."

मी तिथेच खाली बसले. रिकामं भांडं परत देऊ नये, हे मला माझ्या आईने शिकवलं होतं. मी मुलीला शिकवलं, नातीला शिकवलं. शेजारणीची वाटी परत करताना आम्ही चिमूटभर साखर तरी घालतोच, काही नसेल तर दोन लवंगा. आणि आमच्यापैकी एकीलाही वाटलं नाही की आपल्याला जे कळतं ते या बायकांनाही कळत असेल. आम्ही त्यांना रोज एक भांडं पाठवत होतो आणि त्यांच्यावर रोज एक ओझं वाढत होतं.

मी काकींना जाऊन सांगितलं. काकी भाजी निवडत होत्या. त्यांनी मेथीची जुडी तशीच मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "आणि मी ते नळावर बोलले." एवढंच. दुपारी त्या कॅम्पात जाऊन एकेका दारात बसून आल्या. तिथे काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता.

त्याच सुमाराला एक संस्था आली. तिथल्या मॅडम मूळच्या गिरगावच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये मीटिंग घेतली आणि कॅम्पाला बोलावलं तसं आम्हालाही बोलावलं. तुमच्याही पाण्यावर, तुमच्याही घरावर भार पडतोय, तेव्हा जे ठरेल ते दोघांचं ठरेल, असं त्या म्हणाल्या. ते मला आवडलं. आधी टाकी ठरली, कॅम्प आणि चाळ दोघांना मिळून. आजोबांची आंघोळ रेशनकार्डावरून सुटली. मग तीन महिन्यांचं कोरडं रेशन ठरलं. त्यानंतर रेशन थांबणार, तोवर घरटी एकीला तरी कमाई सुरू झाली पाहिजे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा दाखवली नाही.

रेशनच्या पिशवीत काय असावं हे मॅडम एकेक विचारून फळ्यावर लिहीत होत्या. तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, तेल, तिखट. कुणाला आणखी काही सुचतंय का, असं त्यांनी विचारलं. मी भिंतीला टेकून सगळ्यात मागे बसले होते. मी म्हणाले, "शेंगदाणे."

माझा आवाज पोहोचला नाही. काकी ओरडल्या, "ही शेंगदाणे म्हणते."

मॅडमनी विचारलं, ताकदीसाठी का? मी नाही म्हणून मान हलवली आणि म्हणाले, "डबा परत द्यायला. थोडे जास्तीचे द्या."

हॉलमध्ये कुणाला कळलं, कुणाला नाही. कॅम्पाच्या बायकांना कळलं. सोलापूरची बाई पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत होती. आमच्या आईनेही कधी रिकामी वाटी परत पाठवली नाही, असं म्हणत मॅडमनी फळ्यावर शेंगदाणे लिहिलं.

रेशन आलं त्या आठवड्यातच डबे परत आले. प्रत्येकात शेंगदाण्याची चटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लसणाची. आम्ही कोकणातली माणसं, आमचा जीव खोबऱ्यात. पण ती चटणी आमच्या घरात दोन जेवणं टिकली नाही. यजमानांनी बोट फिरवून डबा पुसला आणि विचारलं, "आज त्यांना डबा पाठवणार ना?" मी म्हटलं, जेवायला देताय की चटणी मागताय? नंतर चाळीत हा विनोदच झाला. लोक चटणीसाठी डबे पाठवायला लागले.

धंद्याची गोष्ट तिथूनच निघाली. मॅडमनी दोन्हीकडच्या बायकांना बसवून कुणाला काय येतं ते विचारलं. सोलापूर-लातूरकडच्यांना कडक भाकरी, चटणी, ज्वारीचे पापड. आम्हाला मालवणी मसाला, भाजणी. त्यांच्याकडे हात होते, आमच्याकडे गच्ची होती आणि गिऱ्हाईकं होती. चाळीतली अर्धी मुलं विरारला, डोंबिवलीला राहायला गेली आहेत, पण मसाला अजून लालबागचाच लागतो. संस्था मोठी कढई, शेगडी आणि पॅकिंगचं मशीन यांचे निम्मे पैसे द्यायला तयार होती. निम्मे आणि पहिला माल बायकांनी उभा करायचा. तुमचा हिस्सा असला की वस्तू तुमची होते, असं मॅडमचं म्हणणं. बरोबरच होतं. पण कॅम्पातल्या बायका पैसे कुठून आणणार?

आमच्या बचत गटात पैसे होते. ते शाळा उघडताना मुलांच्या फीसाठी ठेवलेले असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. विषय निघाला तसा गटाच्या मीटिंगमध्ये गलका झाला. काकी म्हणाल्या, मला त्या बायकांचा भरवसा आहे, पण सरकारचा नाही. उद्या त्यांना खोल्या मिळाल्या ठाण्याच्या पलीकडे, बिऱ्हाडं उचलून गेली, तर फीच्या वेळी मी कुणाच्या दारात जायचं?

मी म्हणाले, "माझ्या."

सगळ्या वळून बघायला लागल्या. पुढचं मी काही ठरवलंच नव्हतं. माझ्याकडे सासूबाईंच्या दोन पाटल्या होत्या, तेवढ्याच मनात होत्या. घरी गेल्यावर यजमान म्हणाले, वाण्याकडे सुटे मागायला लाजतेस आणि जामीन राहतेस? मी म्हटलं, झालं खरं.

गटाने पैसे काढून दिले. मग उन्हाळा आला, तसा आमच्या गच्चीने कधी पाहिला नव्हता. मिरच्या पसरल्या, देठं खुडायला दोन्हीकडच्या बायका बसल्या. शिंका, डोळ्यांतून पाणी, त्यातच गाणी आणि नवऱ्यांची निंदा. आमच्या बायका त्यांना बोटं जळू नयेत म्हणून तेल कधी लावायचं ते शिकवत होत्या. त्या आम्हाला भाकरी पातळ थापून तव्यावरच कशी कडक करायची ते शिकवत होत्या, आणि आमच्या भाकऱ्या बघून हसत होत्या. सोलापूरची बाई माझी भाकरी उचलून म्हणाली, "मावशी, हिच्यावर नाव कोरून घ्या, भांडं म्हणून खपेल." ती माझ्याशी अशी बोलली याचा मला इतका आनंद झाला की मी तसलीच आणखी एक थापली.

दादरचं एक घरगुती पदार्थांचं दुकान माल घ्यायला लागलं, मग गिरगावचं एक. हप्ते येऊ लागले. फीच्या वेळी जेवढे लागत होते तेवढे पैसे गटात परत आले, बाकीचे नंतर द्यायचे ठरले. संस्थेचं रेशन थांबलं त्या महिन्यात कॅम्पातल्या कुठल्याही घरची चूल थांबली नाही. ही गोष्ट मी दोनदा लिहू शकते, इतकी ती मला आवडते.

पण पावसात कडक भाकरी मऊ पडायला लागली. दुकानातून पाकिटं परत आली. एक हप्ता चुकला, दुसरा अर्धाच आला. सोलापूरची बाई माझ्या दारासमोरून जाताना भराभर पावलं उचलायला लागली. मला ते डबे आठवले. मी तिला हाताला धरून घरात घेतलं आणि चहा दिला. पैशांबद्दल मीही बोलले नाही, तीही नाही. काकी मात्र भिंतीपलीकडून सगळं ऐकत असतात. संध्याकाळी त्या आल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गावाला पावसात आपण सुकं काय ठेवायचो, आणि कुठे?"

चुलीवरच्या फळीवर, मी म्हटलं.

"मग? माझा पोटमाळा शेगडीच्या वर आहे. दिवसभर तापलेला असतो. आणा त्या भाकऱ्या. मऊ भाकरीपायी गटाचे पैसे बुडायला नकोत."

काकींनी पोटमाळ्यावरचं चाळीस वर्षांचं सामान खाली काढलं. गणपतीची मखरं, मुलाचा पाळणा, सगळं माझ्या खोलीत आलं. मी आणि यजमान तेव्हापासून पाळण्याला वळसा घालून झोपायला जातो. भाकरी पुन्हा कडक राहिली. दुकानवाल्याने पुन्हा घेतली.

दिवाळी झाली आणि काकींनी वर्तवलं होतं तेच घडलं. खोल्यांची सोडत निघाली. काही घरांना जवळ मिळाल्या, बऱ्याच घरांना ठाण्याच्या पलीकडे, सोलापूरच्या बाईलाही तिकडेच. पक्की खोली, स्वतःची, नळ घरात. वाईट वाटायचं कारणच नव्हतं. आम्ही त्यांना भांडी दिली, नवी, त्यांच्या नावाने कोरलेली. टेम्पो पुन्हा आले आणि या वेळी सामान चढवायला चाळीतली माणसं होती. आजोबा जिन्यात बसून कुठली ट्रंक आधी चढवायची ते सांगत होते. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

गटाची शेवटची रक्कम बाकी होती. जाताना काकींनी तिच्या हातात वाटेत खायला आपला डबा भरून दिला. तिने मला एवढंच सांगितलं, मावशी, येते मी. पुढचा महिना गेला. फोन लागेना. त्या भागात नवं घर, नवी शाळा, माणूस किती गोष्टींत अडकतं हे मला कळत होतं. पण गटात कुणीतरी बोललंच की जामीन राहणाऱ्यांनी आता बघावं. तेही खरं होतं. मी पाटल्या रुमालात बांधल्या आणि काकींकडे गेले.

काकींनी रुमाल सोडलाच नाही. माझ्या ओंजळीत परत ठेवला आणि म्हणाल्या, "तिच्याकडे माझा डबा आहे. ती येईल."

ती आली. रविवारी सकाळी, धाकट्या मुलीला घेऊन. तिकडे तिने बिल्डिंगमधल्या बायकांना भाकरीला बसवलं होतं, त्यातच तिचा वेळ गेला होता आणि फोन पाण्यात पडला होता. तिने आधी काकींचा डबा पुढे केला. चटणीने भरलेला, झाकण बसत नव्हतं म्हणून वर फडकं बांधलेलं. मग कमरेची पिशवी सोडून पैसे दिले. काकींनी बोट ओलं करून नोटा मोजल्या, सवयीप्रमाणे दोनदा, आणि गटाच्या सगळ्या बायकांना हाक मारली. त्या जमेपर्यंत चहा झाला. मुलीने माझ्या घरातला पाळणा पाहून हा कुणाचा म्हणून विचारलं. तो अजून माझ्याकडेच आहे.

काकींनी मला भिंतीजवळून उठवून मध्ये बसवलं. पूर्ण रक्कम मिळाली, असं त्यांनी लिहिलं आणि खाली सोलापूरच्या बाईची सही घेतली. मग पेन माझ्याकडे दिलं, कारण जामीन मी होते. सगळ्या बघत असताना मी सावकाश माझं नाव लिहिलं. नेहमीसारखंच वेडंवाकडं आलं. पण एकही पैसा बाकी नव्हता.